मिठूच्या पंखांची चोवीस चित्रं

बालमित्रांनो,

घाटनांदूरच्या एका वाचकाने पत्रात विचारलंय, "काका, कार्टून काढणाऱ्या माणसाला मला एकदा तरी भेटायचंय. पण ही माणसं राहतात मुंबईला, नाहीतर परदेशात. आमच्या स्टेशनावर गाडी थांबते, पण असा माणूस इथं कशाला उतरेल?"

प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज तुम्हाला अशाच एका भेटीची गोष्ट सांगतो.

साल १९५६. मुंबईत तेव्हा फिल्म्स डिव्हिजन ही माहितीपट काढणारी सरकारी संस्था होती. तिच्या कार्टून विभागात शिकवायला अमेरिकेहून एक पाहुणे आले. त्यांचं नाव क्लेअर वीक्स. हरणाच्या पाडसाचा 'बॅम्बी' हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत तो तयार करणाऱ्या चित्रकारांपैकी हे एक! आणि त्यांच्या हाताखाली शिकायला बसलेल्यांत होता पंचविशीतला एक तरुण, राम मोहन.

ही भेट एक सही घेऊन संपली नाही बरं का! ती कागद-पेन्सिलीनेच झाली. सिनेमात एका सेकंदात २४ चित्रं डोळ्यांपुढून सरकतात. एकच चित्र दोनदा दाखवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हणजे एका मिनिटाला किती? करा गुणाकार. ७२०! आणि प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा फक्त जरासं वेगळं.

मग या मंडळींनी पहिला चित्रपट कशावर काढला, ठाऊक आहे? हरणावरच! पण ते बॅम्बीची नक्कल करत बसले नाहीत. त्यांनी आपल्या जातककथेतला हरणांचा राजा निवडला, गाभण हरिणीचा जीव वाचावा म्हणून तिच्या जागी स्वतः मरायला उभा राहणारा. गुरू परदेशातून आले, पण गोष्ट आपल्याच मातीतली निघाली. मला ही गोष्ट फार आवडते.

तोच तरुण पुढे भारतातल्या ॲनिमेशनचा जनक म्हणून ओळखला गेला. २०१४ साली राम मोहन यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले. आता त्यांना भेटता येणार नाही. पण त्यांची एक मुलगी तुम्हाला अजून भेटू शकते. तिचं नाव मीना.

युनिसेफसाठी १९९०च्या दशकात राम मोहन यांनी मीनाला कागदावर उतरवलं. तुमच्या आईबाबांनी तिला टीव्हीवर पाहिलंही असेल. मीनाला शाळेत जायचंय, पण घरचे पाठवतात फक्त तिच्या भावाला, राजूला. मग मीना काय करते? आपल्या पोपटाला, मिठूला, शाळेत धाडते! मिठू खिडकीत बसून धडा ऐकतो आणि घरी येऊन तिला शिकवतो. ती आकडे शिकते, कोंबड्या मोजते, आणि एक कोंबडी कमी भरल्याबरोबर चोर पकडून देते.

पाहिलंत? मीनाला गुरुजी भेटले नाहीत, पण त्यांचा धडा भेटला. कलावंताचंही तसंच आहे. तो आपल्या कामात बसलेला असतो. त्याचं काम नीट पाहा आणि स्वतः करून बघा. झाली की भेट!

चला तर, आज करूनच बघू. जुन्या वहीची २४ पानं घ्या. उजव्या हाताच्या कोपऱ्यात मिठू काढायचा. सुरुवात शेवटच्या पानापासून करा, म्हणजे खालचं चित्र वरच्या पानातून पुसटसं दिसेल. पहिल्या चित्रात पंख वर, दुसऱ्यात मधे, तिसऱ्यात खाली, चौथ्यात पुन्हा मधे. हीच चार चित्रं सहा वेळा काढा. मग अंगठ्याने पानं फरफर सोडा. दोनेक सेकंद मिठू उडेल! पंख खाली जाताना अंग किंचित वर उचलतं का, ते कावळ्याकडे नाहीतर चिमणीकडे बघून ठरवा. असे शिक्षक घाटनांदूरला काही कमी नाहीत, आणि फीदेखील नाही!

आता एक मोठं काम. आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी मुलं-मुली दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांचा वर्ग सुटतो, बाकावरची जागा रिकामी राहते. तुमच्या वर्गात आहे अशी एखादी जागा? मग तुम्हीच मिठू व्हा. तिचा मोबाईल नंबर असेल तर आज काय शिकवलं ते सांगा. ती परत आली की वह्या द्या, शेजारी बसवा, अडलेलं गणित समजावून सांगा. आणि आईबाबांनो, त्या मुलीला गावातच कुणाकडे किंवा वसतिगृहात राहून शाळा शिकता येईल का, एवढं एकदा गुरुजींना जरूर विचारा.

आणि हो, तुमच्या मिठूची वही खिशात मावते. ती पहिल्यांदा त्या मैत्रिणीला दाखवा, मग मला कळवा.

तुमचा,
काका