जाहिरात कशी असावी?

हल्ली आपल्याकडील शेतकरी उत्पादक कंपन्या गूळ, हळद, तांदूळ इत्यादी मालाची माहितीपत्रके छापू लागल्या आहेत, ही इष्टच गोष्ट होय. परंतु त्यांतील पुष्कळ पत्रकांत रंग व विशेषणे भरपूर, माहिती मात्र बेताचीच. ‘सर्वोत्कृष्ट’, ‘अस्सल’ ही अक्षरे ठळक. वजन, भाव, वाण व पत्ता कोठे तरी कोपऱ्यात, अथवा मुळीच नाहीत.

या कामी एक जुना दाखला मननीय आहे. अमेरिकेत ‘ग्रेंज’ नावाची शेतकऱ्यांची संस्था १८६७ साली स्थापन झाली. मध्यस्थांच्या चढ्या भावांनी तेथील शेतकरी गांजले होते. शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ साली या संस्थेच्या सभासदांकरिता टपालाने माल विकण्यास आरंभ केला. त्याचे पहिले पत्रक म्हणजे केवळ एक कागद. त्यावर १६३ जिनसा व त्यांचे भाव. पुढे १८७५ साली, माल पसंत न पडल्यास पैसे परत, अशी हमी त्याने दिली. जे दुकान कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्यावर दूरच्या शेतकऱ्याचा विश्वास बसला, तो स्पष्ट भाव व हमी यांमुळे. आज पालट इतकाच की, आपण विक्रेते झालो आहोत आणि न पाहता घेणारा ग्राहक पुण्या-मुंबईस आहे.

प्रस्तुत लेखकाची उमर महसुली दप्तरात गेली. सातबाराच्या उताऱ्यास कोणी सुंदर म्हणणार नाही. तथापि क्षेत्र, आकार, कब्जेदार, पीक ज्याच्या त्याच्या रकान्यात असल्याने हवे ते तत्काळ सापडते. शिवाय जमिनीवरील बोजाही त्यात दाखविलेला असतो. पत्रकातही मालाची उणीव लपवू नये. हायड्रोस पावडर न घातलेला गूळ काळसर दिसतो. तसे कारणासह छापावे. नाही तर पिवळाधमक गूळ पाहण्याची सवय जडलेला ग्राहक आपला चांगला मालच हलका समजून परत करील.

चित्रे नकोत, असे आमचे म्हणणे नाही. चित्र मालाची ओळख पटविण्यास असावे, डोळे दिपविण्यास नसावे. पत्रक छापण्यापूर्वी ते मालाशी अपरिचित अशा गृहस्थास वाचावयास द्यावे. तो जे जे प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे प्रथम छापावी. जागा उरल्यास मग विशेषणे घालावी. भपक्याने माल एकदा खपेल. दुसरी मागणी खऱ्या माहितीवरच येईल.