कुपींतलें तेल



सहलीचे दिवस जवळ आले कीं एक जुनाच वाद नव्यानें उभा राहतो. मुलें म्हणतात, मोबाईल बरोबर असावा. कित्येक पालक म्हणतात, तो घरींच ठेवावा. प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, मोबाईल अवश्य न्यावा. परंतु डोंगरावर त्यांतील वीज ही करमणुकीची वस्तु नसून संकटकाळची शिदोरी आहे, हें ज्यास पटलें असेल त्यानेंच तो न्यावा.

हें मत मला एका फजितीनें शिकविलें. एका हिवाळ्यांत आम्ही राजगडास गेलों होतों. पायथ्याच्या गुंजवणें गांवीं राहुट्या ठोकल्या आणि सकाळीं चोरदरवाजाच्या वाटेनें पद्मावती माचीवर चढलों. उतरतांना एका मुलाचा पाय मुरगळला, चाल मंदावली आणि निम्म्या वाटेवर दिवस मावळला. विजेरी घेण्याचें मीच विसरलों होतों. बरोबर चौदा मोबाईल होते. पण गाणीं, चित्रफिती व छायाचित्रें यांच्या पायीं तेरा केव्हांच निष्प्राण झाले होते, आणि त्यांत माझाही एक होता! चौदावा एका मुलीनें सकाळपासून बंद करून पिशवीच्या तळाशीं ठेवला होता. त्यावरूनच गांवांत निरोप गेला, व त्याच्याच प्रकाशांत त्या मुलास आम्हीं सावकाश खालीं आणलें.

दहा कुमारींचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकतों. दिवे दहाही जणींजवळ होते; भेद पडला तो कुपींत जादा तेल घेण्याच्या सावधपणानें. त्या संध्याकाळीं तो दृष्टान्त मला प्रथमच नीट उमगला.

आमच्या कासुर्डीच्या शेतकऱ्यास हा पाठ नवा नाहीं. कालव्याचें आवर्तन सुटलें कीं तो शेततळें भरून घेतो आणि पुढील पाळीपर्यंत तें पाणी जपून पुरवितो. डोंगरावर विजेचीही तीच रीत ठेवावी. दरीखोऱ्यांत मनोऱ्याचा संदेश क्षीण झाला म्हणजे मोबाईल त्याचा सारखा शोध घेत राहतो, व त्या धडपडींत त्याची शक्ति सरते. म्हणून काम नसतांना तो बंद ठेवावा, अथवा फ्लाइट मोडवर ठेवावा. बहुतेक मोबाईलांस या स्थितींतही उपग्रहांवरून आपलें स्थान समजतें. यास्तव वाटेचा नकाशा घरींच उतरवून घ्यावा. पडद्याचा उजेड मंद करावा. कडाक्याच्या थंडींत बॅटरी कमी वीज देते. तेव्हां रात्रीं मोबाईल राहुटीच्या कोपऱ्यांत न टाकतां पांघरुणांत घ्यावा.

कोणी म्हणेल, मोठी पॉवर बँक घेतली कीं काम झालें. पण तिच्यावरील आंकडा जसाच्या तसा पदरांत पडत नाहीं. १०,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या पॉवर बँकेंत सुमारें ३७ वॉट-तास ऊर्जा असते. दाब बदलण्यांत व उष्णतेंत तिचा बराच अंश खर्च होतो. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांचा मोबाईल तिनें एकदां पूर्ण भरेल व वर थोडा; दोनदां भरेल असें धरून चालूं नये. सूर्यप्रकाशावर चालणारी लहान पट्टी पाठीवरील पिशवीस बांधून फारसा लाभ होत नाहीं, कारण चालणाऱ्याची पाठ सूर्याकडे राहीलच असें नाहीं, आणि झाडांची सांवलीही मध्यें येते. शेतांतील सौरपंपाची तावदानें सूर्याच्या रोखानें उभीं केलेलीं असतात, हें आपण रोज पाहतों. तशी ती पट्टी मुक्कामीं उघड्या उन्हांत मांडली तरच उपयोगी. पावसाळी ढगांत तिचा भरंवसा धरूं नये.

शिवाय प्रत्येक मुलाच्या घरीं पॉवर बँक घेण्याइतकी ऐपत नसते, आणि त्याची गरजही नाहीं. पांच जणांच्या टोळींत एक पॉवर बँक असावी, एक विजेरी असावी, आणि एक पूर्ण भरलेला मोबाईल बंद करून राखीव ठेवावा. तो कोणाचाही असो, त्या दिवसापुरता तो सर्वांचा. संकटांत ११२ या क्रमांकावर मदत मागतां येते. आपल्या कंपनीचें जाळें नसलें तरी दुसऱ्या कंपनीचें असल्यास हा फोन लागूं शकतो. मात्र जेथें कोणतेंच जाळें नाहीं तेथें तोही मुका. म्हणून कोठें जाणार व केव्हां परतणार हें घरीं व पायथ्याच्या गांवीं सांगून जाणें, ही पूर्वीपासूनची रीत मोडूं नये.

पालकांस विनंति इतकीच कीं, मोबाईल हिरावून घेतल्यानें मुलांस संयम येत नाहीं. तो हातीं असतांना न वापरण्यानें येतो. आणि मुलांनो, पॉवर बँक आपल्याला एकमेकांस देतां येईल, पण सावधपणा ज्याचा त्यानेंच घरून न्यावा लागतो. पुढील सहलीस निघण्यापूर्वीं माझ्या पिशवींत विजेरी आहे कीं नाहीं, हें तुम्हींच मला विचारा.