अर्धं पत्र फिरवणाऱ्यांनो

३० जानेवारी आली की भिंगारच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सरदार पटेलांचं एक पत्र फिरायला लागतं. २७ फेब्रुवारी १९४८ ला नेहरूंना लिहिलेलं. गांधीहत्येच्या कटात संघाचा हात नव्हता, एवढाच मजकूर लाल अक्षरांत. मजकूर खरा आहे. पण त्याच्या शेजारचं वाक्य कुठं गेलं? महासभेतल्या, थेट सावरकरांच्या हाताखालच्या कडव्या गटाने कट रचला, असंही पटेलांनी तिथंच लिहिलंय.

मग समोरचे १८ जुलै १९४८ चं, श्यामाप्रसाद मुखर्जींना लिहिलेलं पत्र टाकतात. महासभा आणि संघ, त्यातही संघ, यांच्या कारवायांमुळे हत्या शक्य होईल असं वातावरण तयार झालं, असं त्यात आहे. तेही खरं. फक्त फेब्रुवारीचं पत्र यांना आठवत नाही. अरे बाबांनो, कट रचणं वेगळं आणि वातावरण तापवणं वेगळं. पटेल मुरलेले वकील होते, हा फरक त्यांना कळत होता. तुम्हालाही कळतो, सोयीचा नाही इतकंच.

सावरकरांचंही तेच. १९४९ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं, इथं एक गट थांबतो. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही म्हणून सोडलं, हे गिळून टाकतो. दुसरा गट १९६९ चा कपूर आयोगाचा अहवाल नाचवतो. आयोग म्हणजे कोर्ट नव्हे आणि तो नेमला तेव्हा सावरकर उत्तर द्यायला हयात नव्हते, हे तो सांगत नाही.

आपल्याला तर हे अजिबात शोभत नाही. विष्णु करकरेचं डेक्कन गेस्ट हाउस नगरातलं. नारायण आपटे नगरच्या मिशन हायस्कुलात मास्तर होता. २० जानेवारीला बिर्ला हाउसवर स्फोट करणारा मदनलाल पाहवा विसापूरच्या निर्वासित छावणीत राहून गेलेला. करकरे नोआखालीला मदत घेऊन गेला होता, हे कौतुकाने लिहिणारे त्याला जन्मठेप कशाबद्दल झाली ते मात्र एका ओळीत उरकतात. नगरची नावं कपूर अहवालात पानोपानी आहेत, वाचलाय कुणी?

आणि ज्या पटेलांना आपण कात्री लावतो, ते १९४२ पासून इथंच, भिंगारला खेटून असलेल्या किल्ल्यात कैदेत होते. पाहुणे आले की अभिमानाने दाखवतो आपण ते.

पटेलांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. दोन्ही पत्रं अख्खी टाकायची तयारी असेल तर कमेंटमध्ये या, कुठल्याही पक्षाचे असा. अर्धं टाकलंत तर उरलेलं अर्धं मी तिथंच खाली डकवणार आहे.