पेन ड्राइव्ह उघडत नाही? आधी हात आवरा

मंडळी, रविवारी दुपारी जेवण करून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीतला कॉलेजचा मुलगा दारात. हातात लाल रंगाचा आठ जीबीचा पेन ड्राइव्ह, चेहरा उतरलेला. मागे त्याची आत्या.

"काका, हा कॉम्प्युटरमध्ये उघडतच नाही. फॉर्मॅट करा म्हणतोय. करू का?"

"अजिबात नको! दाबलं तर नाहीस ना?"

"नाही."

माझा जीव भांड्यात पडला. त्या पेन ड्राइव्हमध्ये त्याच्या आजीने म्हटलेली कानबाईची गाणी होती. आजी अंमळनेरकडच्या, चाळीस वर्षं गोडादऱ्यात राहिल्या आणि मागच्या वर्षी गेल्या. मोबाईलवर केलेली अकरा रेकॉर्डिंग, सगळी अहिराणीत. मोबाईल केव्हाच विकला गेला होता. दुसरी कॉपी कुठेही नाही. श्रावण तोंडावर आलेला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल तेव्हा आजीचा आवाज लावायचा, असं घरात ठरलेलं.

मी एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं पंचिंग करतो. साडीची डिझाइन पेन ड्राइव्हनेच मशीनवर जाते, त्यामुळे दिवसभर हातात तेच. ड्राइव्ह उघडत नसेल तर काय करायचं ते धंद्याने शिकवलं. त्यातला एक धडा महाग पडला. बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच निरोप आला आणि मी घाईत फॉर्मॅट दाबलं, वर नवीन डिझाइन भरल्या. त्यात वडिलांचे गावाकडचे फोटो होते. ते परत आले नाहीत. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट जागेची. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर बऱ्याचदा ढिली असते. ड्राइव्ह मागच्या पोर्टला थेट लावा, मधे हब नको. मोठी पोर्टेबल हार्ड डिस्क असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण जुना यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर करंट देतो आणि ३.० चा पोर्ट ०.९ अँपिअर. करंट कमी पडला की डिस्क नुसती टकटक करते आणि दिसत नाही. केबल बदलून बघा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. निम्मी दुखणी इथेच बरी होतात.

तरीही नाही, तर स्टार्ट बटणावर राईट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे नीट बघितलं की रोग कळतो.

ड्राइव्ह दिसतोय, फाइल सिस्टिमही बरोबर आहे, पण त्याला अक्षर नाही: हे सगळ्यात सोपं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या फोल्डरने तेच अक्षर अडवलं असेल तरी असं होतं. राईट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' मधून मोकळं अक्षर द्या, काम झालं.

ड्राइव्ह दिसतोय पण 'रॉ' लिहिलंय: माल आत आहे, पण कुठली फाइल कुठे आहे ते सांगणारी वही फाटली आहे. फॉर्मॅटचा निरोप येतो तो यातच.

'नो मीडिया' लिहिलंय किंवा काहीच दिसत नाही: बहुतेक आतलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं. इथे घरगुती उपाय नाही. डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

आजीचा ड्राइव्ह 'रॉ' निघाला. पोराला विचारलं, तर त्याने कबूल केलं: नवीन गाणी भरताना लाईट लुकलुकत असतानाच ओढून काढला होता.

अशा वेळी लोक लगेच 'चेकडिस्क' चालवतात. ते वाईट नाही, पण ते त्याच ड्राइव्हवर लिहितं, आणि बिघडलेल्या ड्राइव्हवर काहीही लिहिणं म्हणजे जुगार. आधी त्याची जशीच्या तशी नक्कल घ्यायची. मी लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' ने अख्ख्या ड्राइव्हची इमेज फाइल हार्ड डिस्कवर घेतली. मग मूळ ड्राइव्ह आत्याच्या हातात दिला: "हा आता देवाजवळ ठेवा."

पुढचं काम नक्कलेवर. 'टेस्टडिस्क' ने वही दुरुस्त होते का पाहिलं. नाही झाली. मग 'फोटोरेक'. हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. फोटोरेक वही बघतच नाही, फाइलची सुरुवात ओळखून एकेक फाइल बाहेर काढतो. नावावर जाऊ नका, फोटोशिवाय आवाज आणि व्हिडिओही काढतो. मात्र फाइलची नावं जातात, आणि फाइल तुकड्यातुकड्यांत साठवलेली असेल तर अर्धवट निघते.

शेकडो फाइल निघाल्या, सगळ्यांना नुसते आकडे. आत्या खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक ऐकू लागल्या. सिनेमाची गाणी, डीजेची गाणी, आणि एकदम आजींचा आवाज. आत्यांनी पदर डोळ्याला लावला. पोरगा खाली बघत उभा.

अकरापैकी नऊ गाणी पूर्ण मिळाली. दोन मधेच तुटली. त्या दोघांतलं एक आत्यांना पाठ आहे, त्या म्हणाल्या, "ते मी म्हणते, रेकॉर्ड करून घे रे." दुसरं मात्र कुणालाच पूर्ण येत नाही.

आता तुमच्यासाठी. चुकून फॉर्मॅट दाबलंच असेल तरी धीर सोडू नका. 'क्विक फॉर्मॅट' फक्त वही कोरी करतो, माल बराचसा तसाच असतो. त्यावर नवीन काही भरू नका. पूर्ण फॉर्मॅट मात्र सगळं पुसून टाकतो. ड्राइव्ह काढताना खालच्या कोपऱ्यातलं 'इजेक्ट' दाबा, दहा सेकंद लागतात. आणि पेन ड्राइव्ह ही सामान न्यायची पिशवी आहे, तिजोरी नाही. एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक पोर्टेबल डिस्कवर आणि एक गावाकडे भावाच्या घरी किंवा ऑनलाइन ठेवा.

तुमच्या घरातही कुणा आजीचा, मावशीचा आवाज एखाद्या जुन्या ड्राइव्हमध्ये असेल. या रविवारी तो लावून बघा. उघडला तर लगेच कॉपी करा. नाही उघडला, तर काही न दाबता माझ्याकडे घेऊन या. चहा तयार असतो.