जायचा हक्क आणि परत येण्याची सोय

मुलुंडला राहणाऱ्या आमच्या गटातल्या दोघी मैत्रिणी गेल्या हिवाळ्यात स्कूटरवरून दापोलीला निघाल्या. दोघीही चाळिशीच्या पुढच्या. एक चालवणारी, एक मागे बसलेली. महाड मागे टाकल्यावर रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून गाडी घसरली. समोर दुसरे वाहन नव्हते. चालवणारीचे मांडीचे हाड मोडले, मागच्या मैत्रिणीच्या डोक्याला मार लागला. गावातल्या लोकांनी धावपळ केली, 108 ची ॲम्ब्युलन्स आली, जवळच्या रुग्णालयात पहिले उपचार झाले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, पुढचे ऑपरेशन इथे होणार नाही, मुंबईला न्या.

खरा प्रश्न इथून सुरू झाला. खाजगी ॲम्ब्युलन्सवाल्याने वीस हजार रुपये आधी मागितले. रात्री अकरा वाजता आम्ही बायकांनी फोनवरून पैसे जमवले. चालवणारी पूर्ण शुद्धीवर होती, तरी कागदावर सही घ्यायला तिथे विचारत होते, "यांचे मिस्टर कुठे आहेत?" आणि पहाटे तिला मुंबईत आणल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न होता, "एवढ्या लांब गेलीस कशाला?"

ती कशाला गेली, याचा जाब तिने कुणाला द्यावा असे मला वाटत नाही. समुद्र पाहायला गेली. पण वीस हजार रुपये आपल्याला का गोळा करावे लागले, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. गाडीचा विमा होता, घरात आरोग्य विमाही होता. मग तो कुठे गेला?

नंतर आम्ही सगळे कागद समोर घेऊन बसलो. गाडी नवऱ्याच्या नावावर, विमाही त्याच्याच नावावर. दुचाकीच्या विम्याबरोबर पंधरा लाखांचे अपघात संरक्षण मिळते असे आपण ऐकतो. 2018 पासून ती रक्कम पंधरा लाख झाली, हे खरे. पण ते संरक्षण 'मालक-चालका'ला आहे. गाडी ज्याच्या नावावर, पॉलिसी ज्याच्या नावावर आणि परवाना ज्याच्या खिशात, तो माणूस एकच असावा लागतो. नवऱ्याची, भावाची, वडिलांची गाडी चालवणारी बाई या व्याख्येत बसत नाही. लडाखला किंवा गोव्याला भाड्याची मोटरसायकल घेणारीही बसत नाही. शिवाय ही रक्कम मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तरच मिळते. मोडलेल्या हाडाला आणि ॲम्ब्युलन्सच्या भाड्याला त्यातून काही नाही.

मागे बसलेलीची गोष्ट आणखी वाईट. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली सांगितले. सर्वंकष, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर ती येते, हे 2012 साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. आमच्या मैत्रिणीच्या घरी पैसे वाचवायला थर्ड पार्टीच घेतली होती. ही निवड घरातल्या पुरुषाने केली आणि मागे बसणाऱ्या बाईला त्याची कल्पनाही नव्हती.

संध्याकाळी घाटकोपर किंवा बोरिवली स्टेशनबाहेर उभे राहून पाहा, दुचाकीच्या मागच्या सीटवर कोण बसलेले दिसते. 2022 साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही हेल्मेट सक्तीचे केले, ते योग्यच झाले. पण जिच्या डोक्याची काळजी कायद्याला वाटते, तिच्या उपचाराची जबाबदारी नवऱ्याने कोणती पॉलिसी घेतली यावर का अवलंबून असावी?

आता आरोग्य विमा. घरातल्या पॉलिसीत ॲम्ब्युलन्सचा खर्च मिळत होता, पण दोन हजारांपर्यंतच. पुष्कळ पॉलिसींमध्ये अशीच छोटी मर्यादा असते. ती अंधेरीहून विलेपार्ल्याला जाण्यापुरती ठीक आहे, महाडहून मुलुंडला येण्यासाठी नाही. अलीकडे हवाई ॲम्ब्युलन्सपर्यंतचे संरक्षण विकत मिळते. लांबच्या प्रवासासाठी वेगळी पॉलिसीही मिळते. पण तिच्या अटी बारीक अक्षरात असतात. कंपनीला आधी कळवले नाही तर खर्च मिळत नाही. 'जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत' नेणे आणि 'घरच्या शहरात परत आणणे' या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात, आणि बहुतेक वेळा पहिलीच दिलेली असते. 'साहसी खेळ', 'शर्यत' असे शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतात. मोटरसायकलवरचा लांबचा प्रवास त्यात ढकलला जाणार नाही ना, हे लेखी विचारून घ्यायला हवे.

काहीजणी म्हणतील, ही पैसेवाल्या हौशी बायकांची चिंता आहे, आपल्या वस्तीतल्या बाईला याचे काय? मला तसे वाटत नाही. गणपतीला गाडीवरून कोकणात जाणारी, मुलाला मांडीवर घेऊन मागे बसलेली कामगाराची बायको याच रस्त्यावर असते. लूना आणि कायनेटिकच्या काळापासून बायका उपनगरात गाडी चालवत आहेत. आता त्या लांबही जातात. 2011 साली 'द बायकर्नी' ही केवळ स्त्रियांची मोटरसायकल संघटना सुरू झाली, तेव्हापासून ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. आणि धोका खोटा नाही. 2017 च्या जुलैमध्ये मुंबईची एक अनुभवी मोटरसायकलस्वार स्त्री डहाणू-जव्हार रस्त्यावर खड्ड्यामुळे पडून मरण पावली. त्यानंतर कितीतरी घरांत मुलींना सांगितले गेले असेल, बघ, म्हणून नको म्हणतो. चर्चा खड्ड्याची व्हायला हवी, ती मुलींच्या बाहेर जाण्यावर येऊन थांबते. घरी परत आणण्याची सोय नसणे हेही तिला घरात ठेवण्याचे एक कारण होऊन बसते.

सरकारने एक पाऊल टाकले आहे, ते मान्य करू. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयांत. तिचे मोल माझ्या मते रकमेपेक्षा तत्त्वात आहे. गाडी कुणाच्या नावावर आहे हे ती विचारत नाही. जखमी माणूस हाच तिचा आधार आहे. हेच तत्त्व विम्यातही का असू नये? पण मांडीचे हाड सात दिवसांत जुळत नाही. आणि ही योजना उपचारांची आहे, जखमीला तिच्या गावी, तिच्या माणसांजवळ आणण्याची नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. अपघात संरक्षण मालकाला नव्हे, गाडी चालवणाऱ्या आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीला मिळावे. सर्वात स्वस्त पॉलिसीतही मागे बसणाऱ्यांची जबाबदारी सक्तीची असावी. एका रुग्णालयातून दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात नेण्याचा प्रत्यक्ष खर्च आरोग्य विम्याने द्यावा. आणि शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची सही तिची स्वतःचीच घ्यावी.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. जर्मनीतली एडीएसी ही आज प्रचंड मोठी असलेली वाहनचालकांची संस्था 1903 साली स्टुटगार्टमध्ये मोटरसायकलवाल्यांची संघटना म्हणून सुरू झाली. आज ती वाढीव वर्गणी भरणाऱ्या सभासदांना आजारी वा जखमी झाल्यावर परदेशातून घरी आणते. थोडी थोडी वर्गणी आणि भरपूर सभासद, यावर हे चालते. बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे गणित कुणी शिकवायला नको. आमच्या गटाने आता असा छोटा निधी सुरू केला आहे, फक्त ॲम्ब्युलन्ससाठी.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला घरातल्या गाडीची पॉलिसी घेऊन या. आरसी बुकावर नाव कुणाचे, पॉलिसी थर्ड पार्टी की पॅकेज, मागे बसणाऱ्यासाठी संरक्षण आहे का, आरोग्य विम्यात ॲम्ब्युलन्सला किती, या चार गोष्टी एकत्र बसून वाचू. शक्य असेल तिथे गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या. "तुला त्यातलं काय कळतं" असे घरी कुणी म्हणाले, तर तेही बैठकीत सांगा.

आमची मैत्रीण आता काठी न घेता चालते. मागे बसलेलीही बरी आहे. दोघींना पुन्हा दापोलीला जायचे आहे. मी यावेळी त्यांना एवढेच विचारले, "कागद बघितलेत का?"