पिंपांतील सत्त्व आणि शेतांतील पीक

वनस्पतींचें औषधी सत्त्व झाड न तोडतां, केवळ पिंपांत पेशी किंवा सूक्ष्म जीव पोसून तयार करण्याची विद्या आतां हातीं आली आहे. ती शेतकीस तारक कीं मारक, असा प्रश्न पुष्कळ बागाइतदार करितात. आमच्या मतें याचीं उत्तरें दोन आहेत.

सह्याद्रींतील नरक्या घ्या. कर्करोगावरील औषधांस लागणारें कॅम्प्टोथेसिन त्यांत सांपडतें हें कळल्यावर त्याची रानोरानीं तोड झाली. अमेरिकेंतील यू झाडाची साल काढली कीं झाड मरे. पुढें त्या वर्गांतील झाडांच्या पेशी पिंपांत वाढवून पॅक्लिटॅक्सेल काढूं लागले व सालीची गरज राहिली नाहीं. जें आपण पेरिलें नाहीं व फिरून लावीत नाहीं, तें रानांत राखून त्याचें सत्त्व पिंपांत होत असेल, तर विरोध करणें हा अविचार होय.

शेतांत लाविलेल्या पिकाची गोष्ट निराळी. १८९७ सालीं जर्मन रसायनज्ञांची कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि बिहारांतील निळीची लागवड ओसरली. उलट हिवतापावरील आर्टेमिसिनिन पाहा. चीन, व्हिएतनाम व पूर्व आफ्रिका येथील लहान शेतकरी त्यासाठीं आर्टेमिसियाचें पीक घेतात. २०१३ सालीं सॅनोफी कंपनीनें वनस्पतीचे जनुक घातलेल्या यीस्टच्या साह्यानें तेंच द्रव्य इटलींत काढण्यास आरंभ केला. तें किलोस ३५० ते ४०० डॉलर पडे. पिकापासूनचें द्रव्य मात्र २५० डॉलरांच्याहि खालीं उतरलें, आणि २०१५ सालीं कारखान्यानें कांहींच माल काढला नाहीं. शेतकरी टिकला खरा. पण पडत्या भावानें टिकला, हें विसरूं नये.

पीकपाहणीचे रकाने भरण्यांत आमची नोकरी गेली. औषधी वनस्पतीचें नवें नांव सातबाऱ्यावर चढावें आणि दोन-तीन वर्षांत उतरावें, असें अनेकदां पाहिलें. रोपें विकणारा पैसे घेऊन जातो. माल घेणारा येत नाहीं. यास्तव भाव ठरवून लेखी करार झाल्यावांचून अशा पिकास एक गुंठाहि देऊं नये. तेंच सत्त्व पिंपांत निघतें कीं काय, याची चौकशी संघानें कृषि विद्यापीठाकडे करून मगच सभासदांस सल्ला द्यावा.

शेवटची गोष्ट. गांवच्या रानांतील वनस्पतीवरून कोणी कारखाना काढील, तर लाभाचा वांटा स्थानिकांस मिळावा, अशी तरतूद २००२ च्या जैवविविधता कायद्यांत आहे. त्यासाठीं ग्रामपंचायतीच्या समितीची नोंदवही पुरी असली पाहिजे. कागदावर नसलेल्या हक्कास कचेरींत किंमत नसते, हें शेतकरी बंधूंस निराळें सांगावयास नको.