संगणकाची झोंप

गेल्या वैशाखांत विजेचें बिल आलें, त्या दिवसापासून आमच्या घरांत पंधरा दिवस कोणी कोणाशीं मनमोकळेपणानें बोललें नाहीं. आमचें कुटुंब एकत्र आहे. चूल एक, मीटर एक, आणि बिल आम्ही दोघे बंधु निम्मेंनिम्म भरतों. त्या महिन्यांत आंकडा ५३१ युनिटांवर गेला. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० अशा पायऱ्यांनीं चढत जातो. पायरी ओलांडली म्हणजे तिच्या वरच्या युनिटांस चढा दर पडतो. तींच नऊ माणसें दोन बिऱ्हाडांत राहतीं, तर दोन्ही बिलें खालच्याच पायरीवर थांबतीं. एकत्र राहण्याचे लाभ मीं या सदरांतून अनेकदां वर्णिले आहेत. हा एक तोटाहि प्रामाणिकपणें नोंदविला पाहिजे.

दोष कोणाचा, हा प्रश्न निघालाच. धाकट्या बंधूंची सून घरींच बसून एका कंपनीचें काम करते. मागच्या खोलींत रात्रीं दोन वाजेपर्यंत तिच्या लॅपटॉपचा उजेड दिसतो. जेवतांना माझ्या तोंडून एक वाक्य निसटलें : "रात्ररात्र यंत्र जळत असल्यावर बिल दुसरें काय येणार?" सूनबाई कांहीं बोलली नाहीं, पानावरचा भात मात्र तिनें तसाच टाकला. दुसऱ्या दिवशीं बंधु म्हणाले, "दादा, पुढच्या महिन्यापासून आम्ही निराळा मीटर घ्यावा म्हणतों." एकत्र कुटुंबांत निराळा मीटर हे दोन शब्द कशाची नांदी असतात, हें वाचकांस सांगावयास नको.

अकरावींत शास्त्र शिकणारा माझा नातू तेवढा शांत होता. तो म्हणाला, "आजोबा, भांडतां कशाला? मोजूनच बघूं या." हल्लींच्या मीटरवर एक लहानसा तांबडा दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारीं एक आंकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. याचा अर्थ असा, कीं दिवा ३२०० वेळां लुकलुकला म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली. एक युनिट म्हणजे हजार वॅटचें यंत्र एक तास चालण्यास लागणारी वीज. तेव्हां घरांतील इतर सर्व बटणें बंद करावीं, एकच यंत्र चालूं ठेवावें, आणि दहा मिनिटांत दिवा किती वेळां लुकलुकतो तें मोजावें. ३२०० च्या मीटरवर दहा मिनिटांतील प्रत्येक लुकलुक १.८७५ वॅट दर्शविते. वडिलांच्या वेळच्या हिशेबानें एक रुपया चौदा आणे. ज्यांच्या मीटरवर निराळा आंकडा असेल त्यांनीं ६००० ला त्या आंकड्यानें भागावें. एवढ्या कामास कोणतेंहि उपकरण विकत आणावें लागत नाहीं. शीतकपाट तासभर बंद राहिलें म्हणून आमच्या सौभाग्यवतींनीं दुधाविषयीं चिंता व्यक्त केली, एवढाच काय तो खर्च.

प्रथम सूनबाईचा लॅपटॉप लावला. दहा मिनिटांत १४ लुकलुकी, म्हणजे सुमारें २६ वॅट. आठ तास काम केलें तरी दिवसास पाव युनिटहि होत नाहीं. महिन्यास पांच-सहा युनिट. नंतर माझा टेबलावरचा संगणक लावला. त्यावर मी सकाळसंध्याकाळ मिळून दोन-तीन तास जुन्या पोथ्यांच्या प्रती वाचतों व टिपणें करतों. काम चालू असतां ६० लुकलुकी भरल्या, म्हणजे ११२ वॅट. त्यानंतर, नित्याप्रमाणें मी उठून गेलों म्हणजे पडद्यावर जीं घाटांचीं चित्रें फिरूं लागतात, तीं फिरूं दिलीं. माझी पक्की समजूत अशी, कीं हा 'स्क्रीनसेव्हर' आहे, तेव्हां यंत्र विसावलें आणि वीज वांचूं लागली. लुकलुकी भरल्या ५८.

नातू हंसला नाहीं, हा त्याचा चांगुलपणा. चाळीस वर्षें मुलांकडून समासांचे विग्रह करवून घेतले, आणि येथें माझाच विग्रह चुकला. या सामासिक शब्दांत रक्षण आहे तें पडद्याचें, विजेचें नव्हे. पूर्वीच्या कांचेच्या नळीच्या पडद्यांवर एकच चित्र फार वेळ राहिलें, तर आंतल्या लेपावर त्याचा कायमचा डाग पडे. तो टाळण्याकरितां हीं हलतीं चित्रें निघालीं. आजच्या सपाट पडद्यांना त्यांची गरज उरलेली नाहीं. चित्र हलत राहतें, मागचा दिवा जळत राहतो आणि यंत्र जागेंच असतें. माझा संगणक सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत असा जागा असे. त्यांतले तेरा तास त्याच्यासमोर कोणी नसे. हिशेब केला, तो महिन्यास बेचाळीस युनिट निघाले. वैशाखांतले पंखे व शीतकपाट यांचा वांटा मोठा होता हें खरें. पण पायरी ओलांडून गेलेले एकतीस युनिट माझ्याच टेबलावरचे होते.

या बेचाळीस युनिटांचा खर्च केवळ पैशांत संपत नाहीं. आपल्या देशांत सुमारें पाऊण हिस्सा वीज कोळशांतून निघते. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी येथें तो जळतो. सरासरीनें दर युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. वर्षाच्या पांचशें युनिटांचे साडेतीनशें किलो होतात, आणि तेहि घाटांचीं चित्रें रिकाम्या खुर्चीला दाखविण्यासाठीं.

त्या संध्याकाळीं जेवणाच्या पानावर, जेथें बोललों होतों तेथेंच, सूनबाईस म्हटलें, "चूक माझी होती. तुझ्या यंत्राचे महिन्याचे सहा, माझ्या झोंपलेल्या यंत्राचे बेचाळीस." ती म्हणाली, "मोठे काका, तें झोंपलेलं नव्हतंच. झोंपवायचं कसं तें मी दाखवतें."

तिनें दाखविलें तें असें. संगणकाच्या व्यवस्थेंत पडदा किती मिनिटांनीं विझावा आणि यंत्र किती मिनिटांनीं निजावें, हें आपणच ठरवूं शकतों. आमच्याकडे आतां पांच मिनिटांनीं पडदा विझतो व पंधरा मिनिटांनीं यंत्र निजतें. नुसता पडदा विझला तेव्हां लुकलुकी ४४ वर आल्या. यंत्र निजलें तेव्हां ८ वर. निजण्याचे प्रकार दोन. 'स्लीप'मध्यें उघडलेलें काम स्मृतींत राहतें, आणि ती स्मृति टिकविण्यास विजेचा बारीक धागा लागतो. वीज गेली तर काम गेलें. 'हायबरनेट'मध्यें तें सारें डिस्कवर लिहून ठेवलें जातें, मग वीज असो वा नसो. जेथें वीज वरचेवर जाते तेथें दुसरा प्रकार बरा. वारंवार बंद-चालू केल्यानें अधिक वीज जाते, ही भीति सोडून द्यावी. काळा पडदा ठेवला म्हणजे वीज वांचते असें माझा पुतण्या सांगत होता. तें ओलेड जातीच्या पडद्याबाबत खरें आहे, कारण तेथें प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. साध्या एलसीडी पडद्यांत मागचा दिवा जळतच असल्यामुळें काळेपणाचा उपयोग नाहीं. तेथें उजेडच कमी करावा.

एक आश्चर्य मात्र आम्हां सर्वांसच वाटलें. संगणक रीतसर बंद केला, तरी दिवा दहा मिनिटांत सहा वेळां लुकलुकत राहिला. चोर निघाला यूपीएस. बॅटरी भरलेली ठेवण्यासाठीं तो पेटारा अहोरात्र थोडीथोडी वीज घेत असतो. आतां यंत्र बंद झाल्यावर भिंतीवरचें बटणहि बंद करतों, पण आधीं यंत्र व मगच बटण, हा क्रम मुलांस शिकवावा.

नवा संगणक घ्यावा, असा आग्रहहि याच सुमारास झाला. माझें यंत्र २०१५ सालचें. विंडोज १० चें नित्याचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज ११ तें स्वीकारीत नाहीं. दुकानदारानें सरळ भंगारांत काढावयास सांगितलें. दिवसाचे आठ तास काम असतें, तर मीहि कमी वीज खाणारा लॅपटॉप घेतला असता. पण यंत्र घडवितांनाहि खाणी खणाव्या लागतात आणि भट्ट्या पेटतात; लॅपटॉपच्या सबंध आयुष्यांतील कर्बाचा मोठा भाग तो ग्राहकाच्या हातीं येण्यापूर्वींच हवेंत गेलेला असतो. दोन-तीन तासांच्या वाचनाकरितां तो खर्च मला पटेना. नातवानें जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविली व लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातली. देवनागरी लिहितां येतें, पोथ्या उघडतात. मला अधिक कांहीं नको.

निघालेली डिस्क व यूपीएसची जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्यास दिली नाहीं. बॅटरींत शिसें असतें. शिवाय भंगारांत तांब्यासाठीं तारा उघड्यावर जाळतात, त्याचा धूर जाळणाऱ्याच्याच छातींत जातो. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून आहेत. सध्यांचे १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले असून त्यांत विल्हेवाटीची जबाबदारी यंत्र करणाऱ्यांवर ठेवली आहे. बॅटरी नवी घेतांना विक्रेत्यास परत केली, डिस्क नोंदणीकृत संकलन केंद्रास.

ज्येष्ठाचें बिल ४७२ युनिटांचें आलें. बंधूंनीं तें वाचलें, आपल्या वांट्याची रक्कम काढून ठेवली, आणि निराळ्या मीटरची गोष्ट पुन्हा काढली नाहीं. राऊटरविषयीं मात्र वाद अजून चालू आहे. तो रात्रीं बंद करावा असें माझें म्हणणें. सूनबाईचें काम दोनपर्यंत, आणि मी पांचास उठतों. तूर्त ती निजतांना बंद करते व उठल्यावर मी सुरू करतों. या तीन तासांत महिन्यास पाऊण युनिटहि वांचत नाहीं, हें नातवानें मोजून दाखविलें आहे.